पुढचा शुक्रवार

आयझी कार्डनोच्या हातात आखूड सुरी आली की पापणी लवायच्या आत हेरिंग मासळी साफ व्हायची. बोटं कापू नयेत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळायची, मग कल्ल्याखाली टोक, एक पीळ, आतडी बाहेर. दूर उत्तरेतल्या फ्रेझरबरा बंदराच्या धक्क्यावर तिच्याइतका चपळ हात नव्हता.

घरी मात्र हात चालायचा तिच्या नवऱ्याचा. डॉडने एकदा तिचा जबडा मोडला, एकदा मनगट. तुरुंगात गेला, तोही बायकोला मारलं म्हणून नव्हे. मध्ये पडलेल्या शिपायाचे दात पाडले म्हणून. तो आत असतानाच आयझीने ठरवून टाकलं. हेरिंग फाडणाऱ्या बायकांना घेऊन शनिवारी गाडी इंग्लंडात यार्मथला, तिथल्या हंगामासाठी, जाणार होती. त्या गाडीत बसायचं आणि हंगाम संपला तरी परतायचं नाही.

गाडीच्या पाच दिवस आधी, सोमवारी, मिस पेल्हम धक्क्यावर आली. लंडनची, कैद्यांच्या घरच्यांची विचारपूस करणारी. ओठ न हलवता बोलायची.

"मिसेस कार्डनो, आनंदाची वार्ता आहे. आपले यजमान पुढच्या शुक्रवारी मुक्त होत आहेत."

आनंदाची वार्ता ऐकून आयझीच्या हातातली मासोळी खाली पडली. मग तिने हिशेब केला आणि तिच्या जिवात जीव आला. तिच्या शेजारी मासे फाडणाऱ्या टीनी डुथीने तर मिसबाईची पाठ वळताच तिच्यासारखे ओठ मिटून 'वार्ताऽ' म्हणून दाखवलं आणि वर बजावलं, "पुढच्या म्हणाली, ह्या नव्हे. तवर तू यार्मथात."

फ्रेझरबरात चार दिवसांवर आलेला शुक्रवार म्हणजे 'हा' शुक्रवार, आणि त्याच्या मागून येणारा तो 'पुढचा'. मिसबाईच्या लंडनात पुढचा म्हणजे आता जो येईल तोच. पण ते सांगणार कोण? दोघी बोलत होत्या इंग्रजीच.

ह्या शुक्रवारी दुपारी, केस भादरलेला डॉड धक्क्यावर उभा राहिला. घरी बांधलेली पेटी बघूनच आला होता.

"कुठं निघालीस गं, राणी?" अगदी गोड आवाजात.

आयझीला वळायलाही सवड मिळाली नाही. त्याने डोक्याच्या रुमालासकट तिचे केस धरले आणि तोंड मासे खारवायच्या मिठाच्या पाण्याच्या पिंपात दाबलं. वर काढलं, पिंपाच्या काठावर आपटलं, नाकाचं हाड वाजलं. पुन्हा दाबलं. धक्क्यावरच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण चिंध्या गुंडाळलेल्या बोटांत सुरी तशीच होती. समोर हाताला लागलं ते त्याचं मनगट. टोक, एक पीळ.

डॉड ओरडला तो बंदराच्या पार टोकाला ऐकू गेला. टीनीने मिठाचं घमेलं उचललं आणि त्या उघड्या जखमेवर रितं केलं. "टिकलं पाह्यजे ना," म्हणाली. मग तो खाली पडला आणि बाकीच्या बायकांनी बुटांनी लाथा घातल्या. पोलीस आल्यावर एकजात सगळ्यांनी सांगितलं की गडी आतड्यांवरून घसरला.

शनिवारी स्टेशनावर मिस पेल्हम धावत आली. आयझीचं सुजून काळंनिळं झालेलं तोंड बघून तिचे ओठ पहिल्यांदाच हलले.

"पण मी तर आपल्याला सांगितलं होतं. पुढच्या शुक्रवारी."

"बाई," आयझी फुटक्या ओठांनी म्हणाली, "पुढचा अजून यायचाय."

गाडी सुटली. डॉडची ती मूठ आता पुन्हा कधी वळायची नाही, असं टीनीला कुणीतरी सांगितलं आणि टीनीने ते सगळ्या डब्याला, विव्हळण्याच्या नकलेसकट, ऐकवलं.

आयझी काही परतली नाही. यार्मथातच राहिली, तिथेच म्हातारी झाली. पण तो पुढचा शुक्रवार उजाडला तेव्हा ती कामावर गेली नाही. डॉड दूर इस्पितळात पडलाय हे ठाऊक असूनही तिने खोलीच्या दाराला पेटी लावली आणि सुरी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत त्या पेटीवर बसून राहिली.