कोरं पाणी

काशिनाथ गेल्याचं मला वर्गात कळलं. पूर्णा गावचा त्याचा शेजारी दारात येऊन हळूच सांगून गेला. मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं, तास संपवला आणि मगच बाहेर पडलो. त्याला आता दीड महिना झाला. ते वाक्य काय होतं, हे काही केल्या आठवत नाही...

आग्रा रोडला त्याचं ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. आत सतत ॲसिडचा उग्र वास, बाहेर पडघ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बॅटरी भरून घ्यायला गेलो, तेव्हा त्याने मला मागच्या खोलीत नेलं. तिथे काचेच्या पेटीत समुद्र होता. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या खडकांतून आणलेली, बोट लागताच मिटणारी समुद्रफुलं, हिरव्या बटणांसारखे प्रवाळ, दोन चिमुकले मासे. चौथी शिकलेल्या या माणसाने ते सगळं दोन वर्षं जगवलं होतं. बॅटऱ्यांसाठी तो स्वतःच पाणी उकळून वाफेचं शुद्ध पाणी काढायचा. त्याला ‘कोरं पाणी’ म्हणायचा, आणि पेटीतलं पाणी आटलं की तेच वरून घालायचा. "वाफ पान्याची होते सर, मिठाची न्हाय," तो म्हणाला. "मीठ आतच ऱ्हातं. म्हनून वरनं घालायचं ते कोरंच पायजे. नळाच्या पान्यातलं औषध यांना जाळतं." पहिली पेटी त्याने नळाच्या पाण्यानेच मारली होती. ते तो कुणालाही सांगायचा, लपवायचा नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. काशिनाथची पेटी मांडायची हे मीच सुचवलं. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती आणि पेटी पाहून शिक्षण खात्याचे साहेब खूश झाले तर शिक्षणाची अट सैल करून घेऊ, असं मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं. काशिनाथचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता. त्या कोंदट खोलीतून सुटायची ही एकच वाट होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. नेताना पेटी जड होऊ नये म्हणून त्याने निम्मं पाणी काढून कॅनमध्ये भरलं, पेटी शाळेत पोचवली आणि कॅन आणायला परत गेला. वाटेत टेम्पो बंद पडला. इकडे साहेब वेळेआधीच येत असल्याचा निरोप आला. मुख्याध्यापक म्हणाले, "अर्धी पेटी काय दाखवायची? नळाचं भरा." मला सगळं माहीत होतं. तरी व्हरांड्यातल्या नळाच्या तीन बादल्या मीच ओतल्या.

साहेबांनी वाकून पाहिलं, कौतुक केलं आणि निघून गेले. दुपारपर्यंत समुद्रफुलं आक्रसून गोळा झाली होती, मासे कुशीवर तरंगत होते. काशिनाथ खांद्यावर कॅन घेऊन आला आणि पेटीवर वाकला. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, की पेटीत कुणी काही वावगं घातलेलं नाही, असले जीव समुद्राबाहेर टिकायचेच नाहीत, आणि ज्याला स्वतःची पेटी सांभाळता येत नाही त्याच्या हाती प्रयोगशाळा कशी द्यायची? काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो.

जागा दुसऱ्याला मिळाली. काशिनाथ दुकानात परतला, पेटी पुन्हा कधी मांडली नाही. आमचं जाणं-येणं मात्र सुटलं नाही. तो चहा मागवायचा, मुलांची चौकशी करायचा. त्याचा खोकला वाढत गेला. त्या वासात बसून मी दर वेळी ठरवायचो, आज सांगू... आणि चहा संपला की उठायचो.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. बादल्या, नळ, माझे हात. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचं बोट सुपात थांबलं नाही.

"त्यांना म्हाईत होतं, सर," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी पान्यात बोट बुडवून जिभेला लावलं होतं त्यांनी. तुमची बाहीपन कोपरापोत्तर भिजलेली बघितली होती."

मग तो काहीच का बोलला नाही, असं मी विचारलं.

"मी लय वेळा म्हटलं, जाऊन इचारा. तर म्हनायचे, सर आपनहून सांगतील. दर येळी तुम्ही आलात की म्हनायचे, आज सांगतील." त्यांनी सूप पाखडलं. "शेवटी शेवटी म्हनायचं सोडलं त्यांनी."