रिंगेचा चौथा अर्थ

जिनोआला बोटीतून उतरले तेव्हा मला माझ्या इंग्रजीचा चांगलाच तोरा होता. पुण्यात मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि शेजारपाजारच्यांचं इंग्रजी पत्र वाचायला माझ्याकडेच येई. माझे यजमान, म्हणजे ‘हे’, दोन वर्षांपासून जर्मनीत बॉनच्या विद्यापीठात संशोधन करत होते. बिनपगारी रजा काढून मी काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघाले होते.

जिनोआहून आगगाडी धरली. सकाळी डब्यात जाग आली तर रुळांच्या कडेने ऱ्हाइन वाहत होती. नदीत कोळशाने भरलेले लांबलचक पडाव, काठाच्या उतारावर द्राक्षांचे मळे. मी खिडकीला नाक लावून बसले ते बॉन येईपर्यंत. फलाटावर हे उभे होते, बरेच वाळलेले. दोन वर्षांनी भेटलो आणि पहिलं वाक्य काय, तर “लोणच्याची बरणी फुटली नाही ना?”

घरमालकीण फ्राउ लिंडं (‘फ्राउ’ म्हणजे बाई, बायकोलाही हाच शब्द) दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, कमरेला स्वच्छ अॅप्रन. युद्ध संपल्यावर इंग्रज सैनिकांच्या भटारखान्यात कामाला होत्या, तिथे त्यांनी इंग्रजी उचललं होतं. त्यांनी मला न्याहाळलं आणि विचारलं, “व्हेअर इज रिंग?”

आता आमच्याकडे बोटातली ती अंगठी. रिंगा असतात कानात. मी कौतुकाने पदर सारून कानातल्या दाखवल्या. बाई म्हणाल्या, “नो, नो. रिंग!” मग माझ्यातली इंग्रजीची बाई जागी झाली. रिंग म्हणजे वाजवणे! मी वळून दारावरची घंटा दणदणीत वाजवली. समोरच्या घराची खिडकी उघडली. ह्यांनी कपाळावर हात मारला. शेवटी फ्राउ लिंडं यांनी स्वतःच्या बोटावर टकटक केली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: लग्नाची अंगठी!

मी मंगळसूत्र पुढे केलं. “केटं (साखळी),” बाई म्हणाल्या, आणि नकारार्थी मान हलवली.

लग्न न झालेल्या जोडप्याला खोली दिली तर तिथे घरमालकावर बालंट येई. बाईंनी निकाल दिला: रविवारपर्यंत ह्यांनी वरच्या खोलीत आणि मी खाली शिवणाच्या खोलीत झोपायचं, मग त्या विचार करून काय ते सांगतील. नाही म्हणाल्या तर दुसरी खोली मिळणं कठीण होतं. पश्चिम जर्मनीची राजधानी झाल्यापासून बॉनमध्ये जागांची मारामार, त्यात परदेशी माणसाला कोण दार उघडतो? हे वसतिगृहात गेले असते आणि मी आले तशी परत पुण्याला.

“अगं, एक साधी अंगठी आणू ना बाजारातून,” हे म्हणाले.

“मुळीच नाही! अहो, खरं लग्न झालंय आपलं. ते पटवायला मी दुकानातलं सोंग घालू होय?”

हट्टाने बोलले खरी, पण शिवणयंत्राशेजारच्या त्या अरुंद खाटेवर मला रडू यायचं. दिवसा मात्र आम्ही मजेत भटकलो. ऱ्हाइनपलीकडचा डोंगर चढलो, पावसात भिजलो, बाकावर बसून काळ्या पावाबरोबर आंब्याचं लोणचं खाल्लं. पुण्यात लग्नाआधी असं हिंडायची सोय नव्हती. हे तर पुन्हा नवऱ्यामुलासारखे लाजायला लागले.

रविवारी स्वयंपाकघरात बाई रायबकूखन (किसलेल्या बटाट्याची धिरडी) करत होत्या. मी बटाटे सोलायला बसले. माझं एक साल त्यांनी उचललं, उजेडात धरलं आणि त्याला चिकटलेला गर सुरीने अलगद खरवडून घेतला. इतकी काटकसर! मी चकित होऊन त्यांच्या हातांकडे बघत राहिले आणि तेव्हाच मला दिसलं. त्यांची बोटं मोकळी होती.

“आणि तुमची रिंग कुठे आहे?” मी विचारलं. खरं सांगायचं तर जरा टोमणाच होता तो.

बाईंनी समोरच्या परातीतल्या बटाट्यांवर बोट ठेवलं. “हिअर. रिंग.”

मला कळेना. त्या सावकाश, शब्द शोधत बोलल्या. युद्धानंतरचा हिवाळा होता. घरात म्हातारी सासू, खायला काही नाही. चालत खेड्यात गेल्या आणि एका शेतकऱ्याला अंगठी देऊन बटाट्यांचं पोतं आणलं. नवरा रशियाच्या आघाडीवर गेला होता. तो परतलाच नाही, कळवलंही नाही कुणी काही.

“पण मी त्यांची फ्राउ आहे,” त्या एकदम ठासून म्हणाल्या, जणू मीच नाही म्हटलं होतं.

“आहातच,” मी म्हटलं. “मीसुद्धा.”

बाई अॅप्रनला हात पुसून शिवणाच्या खोलीत गेल्या, माझी उशी काखेत घेतली आणि जिना चढू लागल्या. वरून ह्यांचा गोंधळलेला आवाज आला, “फ्राउ लिंडं, काय झालं?” मी खाली बटाट्यांसमोर बसून हसत होते आणि रडतही होते.

रजा संपली, पुण्याला परतले, पुन्हा शाळा सुरू झाली. एके दिवशी धड्यात ‘रिंग’ शब्द आला. मुलींनी भराभर अर्थ सांगितले: अंगठी, वर्तुळ, घंटा वाजवणे. मी फळ्यावर लिहिले आणि त्याखाली जागा मोकळी सोडली.

“बाई, अजून एक अर्थ आहे का?” पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

“आहे,” मी म्हटलं. “पण तो पाठ करून येत नाही गं. तो एका बाईंचा आहे.”