लिफाफा सिस्टर

ईरा, निमिष, आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टरने सात वर्षांत मला एकदाही ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं नाही. डोंबिवलीत हे जवळजवळ अशक्य आहे. इथे लिफ्टमधून वर जाईपर्यंत माणसं एकमेकांची साखर, गुडघे आणि मोतीबिंदू उरकून घेतात. ही ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. पण बोलणार काय, तर पाणी किती वाजता येणार आणि गच्चीवर कबुतरांनी काय घाण केली. तुमचे आजोबा तिला ‘लिफाफा’ म्हणायचे. ‘‘चिकटवलेला!’’ असंही वर म्हणायचे, कौतुकाने. मला त्यात कौतुक वाटत नसे. एवढं गप्प माणूस काहीतरी लपवत असतं, असा माझा ठाम समज होता.

आजोबांचं दुखणं निघालं तेव्हा त्यांनी मला बजावलं, ‘‘हे आपल्या दोघांत राहू दे. मला कुणाची कीव नको.’’ आणि दाखल झाले ते नेमके सिस्टरच्याच वॉर्डात. पहिल्या दिवशी ती दारापर्यंत आली, आम्हाला पाहिलं आणि तशीच वळून गेली. पुन्हा त्या खोलीकडे फिरकली नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं.

तरी रिपोर्टची वाट बघून जीव टांगणीला लागला, तेव्हा मीच तिला जिन्यात गाठलं.

‘‘अगं, कॉम्प्युटरवर बघून सांग ना, आला का रिपोर्ट.’’

‘‘काकू, ते डॉक्टर सांगतील.’’

‘‘तुला उघडता येत नाही का?’’

‘‘येतं. पण उघडणार नाही.’’

‘‘शेजाऱ्यांसाठी एवढंही नाही?’’

‘‘शेजारी आहात म्हणूनच नाही.’’

मला ते फार लागलं.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई मऊ भाताचा डबा घेऊन हजर. ‘‘अहो, एवढं मोठं दुखणं, आणि आम्हाला परकं केलंत!’’ दुखण्याचं नाव त्यांनी अचूक घेतलं. आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कितीतरी वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

कुणाचं काम, हे मला शोधावं लागलंच नाही. त्याच दुपारी मी हॉस्पिटलला इंग्रजीत पत्र लिहिलं, मुद्देसूद, एक ते पाच. दारातून वळून जाणं हा मुद्दा दुसरा. पत्र देऊन शिक्क्याची पोच घेतली. तिसऱ्या दिवशी कळलं, चौकशी होईपर्यंत सिस्टरला घरी बसवलंय. तिला नवरा नव्हता, सासू अंथरुणाला खिळलेली. नोकरी गेली तर त्या घराचं काय होणार, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मलाही होतं.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढून फाइलला लावायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर पत्राची ती पोच घेऊन मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘‘काकू, साहेब कसे आहेत? त्या दिवशी तुम्ही रिपोर्ट आणलेले ना, प्रती काढताना वाचले. मीच कुलकर्णी मॅडमना म्हटलं, जरा भेटून या.’’ अगदी मायेने म्हणाला बिचारा.

मी तशीच ठाण्याला गेले आणि झालं ते सांगितलं. चौकशी करणाऱ्या तिथल्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. कोणती फाइल कुणी उघडली, याची कॉम्प्युटरवर नोंद राहते. आजोबांच्या फाइलवर सिस्टरचं नाव कुठेही नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी तिने लिहून दिलं होतं, ‘पेशंट माझ्या ओळखीचे आहेत, कृपया दुसऱ्या सिस्टरला नेमावे.’ म्हणून ती दारातून वळली होती.

दुसऱ्या पत्रात मी तक्रार मागे घेतली. मग तिचं दार वाजवलं.

‘‘अगं, मला आधी सांगायचंस ना, की मी नाही म्हणून!’’

‘‘तुम्ही विचारलंत कुठे, काकू?’’

‘‘आणि विचारलं असतं तर सांगितलं असतंस?’’

तिने जरा विचार केला. ‘‘नाही. काका तिथे होते हेसुद्धा मी बोलायचं नसतं.’’ मग म्हणाली, ‘‘तक्रार केलीत ते बरोबरच. फक्त माणूस चुकलं.’’

ती आठवड्याभराने कामावर रुजू झाली. वर्षाच्या आत ठाण्यातल्या बाळकुमला राहायला गेली. हॉस्पिटल जवळ पडतं, असं म्हणाली. मला अजून शंका आहे की ते तेवढंच कारण नव्हतं. पण या वेळी मी चौकशी केली नाही.

आजोबा गेले तेव्हा ती आली, माझा हात धरून बसली, काही न विचारता गेली. तुम्ही दोघं मात्र प्रत्येक व्हिडिओ कॉलवर विचारता, आजोबांना नक्की काय झालं होतं? तुम्ही त्यांची नातवंडं, तुमचा हक्क आहे असं तुम्हाला वाटणारच. पण तुम्हाला सांगायची परवानगी त्यांनी मला दिली नव्हती. आणि आता मी ती कुणाकडे मागू?