प्रेसच्या फाइलमधली दुरुस्ती

दिघ्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारा मोठा प्रेस होता. तो चालवणारा प्रोग्रॅम महाप्याच्या ऑफिसात मी आणि माझे सीनियर, असे दोघंच लिहायचो. कुठलं बटण दाबल्यावर प्रेसने काय करायचं, याचा एक तक्ता होता. त्यावरून एक छोटं टूल कोडची फाइल आपोआप तयार करायचं. टूल चालवायचं राहून जायचं, म्हणून मी ते बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होतो त्या कामातच, जोडून टाकलं. आता प्रत्येक बिल्डला तक्त्यावरून ताजी फाइल बनायची. मी खूश होतो.

त्याच आठवड्यात सीनियरनी कारखान्यात बसून एक गंभीर चूक सुधारली होती: प्रेस एकाच बटणावर खाली येत होता. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येता कामा नये. तक्ता तिथे नव्हता, म्हणून दुरुस्ती त्यांनी थेट त्या तयार फाइलमध्ये केली. मला सांगायचं राहिलं. माझ्या बिल्डने ती पुसून टाकली.

नवा प्रोग्रॅम मीच फ्लॉपीवरून चढवला. दोन्ही बटणं दाबून पाहिली, प्रेस नीट चालला. एकच बटण दाबून पाहायचं मला सुचलं नाही.

त्या दिवशी सीनियरही माझ्याबरोबर कारखान्यात होते. ऑपरेटर तळवलीचा होता. डाव्या हाताने पत्रा सरकवताना त्याचा उजवा हात बटणाला लागला आणि प्रेस खाली आला. तो हाताकडे बघत राहिला. तीन बोटं पत्र्याला चिकटली होती. रक्त माझ्या शर्टावर उडालं होतं.

त्याला टेम्पोत घालून नेलं. शेजारच्या मशीनवर त्याचा भाऊ होता. तो हातात पाना घेऊन आमच्याकडे आला.

"कोनाची चूक हाय?"

"त्याने हात आत घातला," सीनियर म्हणाले. "आम्ही काय करणार?"

पहिला फटका आमच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर बसला, दुसरा सीनियरच्या नाकावर. ते खाली कोसळले. त्याआधीच मी घाईघाईने फाइल उघडून पाहिली होती; एका बटणावरही प्रेस येईल, असंच तिच्यात होतं.

"चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे," मी म्हणालो. "मी चढवला तो."

त्याने पाना टाकला आणि मला हातांनी मारलं. फोरमनने ओढून काढेपर्यंत माझे दोन दात गेले होते.

रिक्षात सीनियर रुमालाने नाक दाबून बसले होते. "दुरुस्ती मी चुकीच्या जागी केली," ते म्हणाले. "तू एकट्याने अंगावर का घेतलंस?" माझा जबडा सुजला होता.

मी दुरुस्ती तक्त्यात घातली. तयार फाइलला कोणी हात लावला तर बिल्ड तिथेच थांबेल, अशी सोय केली. आमच्या कंपनीने भावाविरुद्ध मारहाणीची तक्रार लिहून आणली. मी सही केली नाही.

पुढे ऑपरेटरला स्टोअरमध्ये बसवलं. तो भेटला की दोन शब्द बोलायचा. भाऊ मात्र माझ्याशी कधीच बोलला नाही.