पाठराखिणी

खमीस मुशैतचा हवाई तळ आमच्या वस्तीला खेटूनच. सीमेपलीकडे, येमेनमध्ये, युद्ध पेटलं होतं. तिकडे बॉम्ब टाकायला इथून विमानं उडाली की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची.

चहा पिता पिता नवऱ्याने एकदा समजावलं, "बॉम्ब नेणारी विमानं एकटी जात नाहीत गं. रखवालीला दुसरी लढाऊ विमानं असतात बरोबर."

"म्हणजे पाठराखिणीच की!" मी म्हणाले. माझ्या लग्नानंतर धाकटी आत्या अशीच सोबत आली होती. सासरी चार दिवस माझ्याशेजारी निजली, नवी नवरी बावरू नये म्हणून.

"पण समोरच्यांकडे विमानं आहेत का?"

"नसल्यातच जमा."

"मग सोबत कशाला?"

"तशी पद्धत असते."

पद्धत म्हणे! मी खूप हसले. तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द रुळला. "आज पाठराखिणी लवकर निघाल्या," असं मी खुशाल म्हणायचे.

खालच्या मजल्यावर एक येमेनी बाई राहायची. नवऱ्याच्या शिंपीकामाच्या दुकानात बसून बसून हिंदी शिकलेली. तिच्याकडे रोटी शिकायला गेले असताना माझी जीभ सैल सुटली आणि हा विनोद मी तिलाही सांगितला. ती हसली नाही. कणीक मळत राहिली.

"मेरी बेटी की शादी उधर हुई," ती म्हणाली. "रास्ता बंद था. उसके साथ कोई नहीं गया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे विमानं गेली की मीच खाली जाऊन बसायचे. ती मुलीला फोन लावायची. पलीकडून आवाज आला की "खलास, खलास," म्हणत डोळे पुसायची. पुरे, एवढंच पुरे.

एका दुपारी फोन लागला नाही. तो नंतर कधीच लागला नाही. मुलीचं घरच उरलं नव्हतं, हे आम्हाला आठवड्याने कळलं. पण त्या दुपारी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती आणि मी तिचा गुडघा धरून बसले होते.

तेवढ्यात डोक्यावरून विमानं परतली. ती छताकडे बघत राहिली.

"आपकी वो साथवाली," तिने विचारलं, "सब वापस आ गयीं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"खलास," ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.