सटीची वांगी

तुम्ही नातवंडांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बाल्कनीतल्या कुंडीत काळवंडलेली टोमॅटोची रोपं, आणि खाली प्रश्न : आजी, इकडे एप्रिलमध्ये बर्फ पडला, आता काय करायचं? देठ टणक असेल तर काही करू नका. देठ मऊ पडला असेल तर रोपं उपटा आणि माती उन्हात पसरा. तुमचा दुसरा प्रश्न होता, तू परसात सगळं लावतेस, मग वांगी का लावत नाहीस? त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा तुमचे बाबा पुण्याला इंजिनिअरिंगला होते. नेकनूरला नुकताच पिवळा एसटीडी बूथ झाला होता, आणि तुमच्या आजोबांच्या कापडदुकानात तयार शर्ट दोरीवर लटकू लागले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरामागे हापशाच्या सांडपाण्यावर माझी बाग होती. सरळ रेषेत वाफे, प्रत्येक वाफ्याला डब्याच्या पत्र्याची पाटी. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, त्या पाट्यांना हसायच्या. "वांग्याला ठावं हाय ते वांगं हाय. पाटी कुणासाठी?"

त्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. बीडच्या डॉक्टरांनी मला आणि तुमच्या आजोबांना बाहेर बोलावून सांगितलं, ऑपरेशनचा उपयोग नाही, आवडेल ते खाऊ घाला. त्यांना काय आवडतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं : चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. पण बाजारातल्या वांग्याचे दोन घास घेतले आणि सगळं उलटून पडलं. "फवारा मारलेलं हाय. वास येतोय," म्हणाल्या. मग वांगी घरीच पिकवायची असं मी ठरवलं.

वळवाचा पाऊस त्या वर्षी अवेळी आणि भरपूर झाला, त्यामुळे मृगाची वाट न पाहता मी रोपं लावली. आणि मग मृगच कोरडा गेला. ऊन असं की रोपं होती तिथेच खुंटली. अखेर पाऊस आला, रोपांनी अंग धरलं, पण पहिलं वांगं लागेपर्यंत आषाढी एकादशी उलटून गेली होती.

आमच्या घरी खंडोबाचा नेम आहे. आषाढी एकादशीपासून घरात वांगं शिजत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, तिला आम्ही सट म्हणतो. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची आणि मग वांगं तोंडात घालायचं. सासूबाईंनी हा नेम लग्न होऊन आल्यापासून पाळला होता.

तरीही मी ते पहिलं वांगं पदरात घेऊन त्यांच्या बाजेशी गेले. त्यांनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं, हुंगलं आणि परत दिलं.

"कशाला दाखवितीस मला? सट होऊ दे."

"माय, डॉक्टर म्हणलेत, खा," तुमचे आजोबा म्हणाले. "आजारी माणसाला नेम नसतो."

"डॉक्टरची सट लवकर येत असंल. आपली मार्गशीर्षात येती."

श्रावण-भाद्रपदात झाडं वांग्यांनी वाकली. शेजारच्या मुसलमान घरातल्या भाभी टोपली भरून न्यायच्या आणि दर वेळी बाजेशी थांबायच्या. त्यांची आणि सासूबाईंची जुनी गट्टी.

"अम्मा, खावा की. तुमच्या खंडोबाला मी सांगते, मीच जबरदस्ती खाऊ घातलं म्हून."

"त्यो तुझं ऐकंल व्हय गं? मी इतकी वर्सं बोलतेय, माझं तर ऐकंना."

दोघी हसल्या. हसताना सासूबाईंनी पोट हाताने दाबून धरलं होतं.

दसऱ्याला मी झाडांची छाटणी केली. नव्या फुटीला दिवाळीनंतर फुलं येतात, थंडीत फळ चांगलं धरतं, म्हणजे सटीला वांगी हमखास मिळतील असा माझा हिशेब. फूट तर सुरेख आली. सासूबाई आता नुसत्या पेजेवर होत्या. सकाळी मी बागेतून आत आले की विचारायच्या, "फूल हाय का?" मी म्हणायची, "हाय." त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तशीच व्हायची.

दिवाळीनंतर थंडी पडायची, तर आभाळ आलं. दिवस दिवस सूर्य नाही, सकाळी धुई, दुपारी भुरभुर, आणि मग आषाढासारखा धो धो पाऊस. फुलं गळून वाफ्यात जांभळा सडा पडला. शेंड्यांत अळी शिरली, ते माना टाकू लागले. आजोबांनी कृषी केंद्रातून औषधाची बाटली आणली, पण फवारलं तर त्या खाणार नाहीत आणि न फवारलं तर खायला काही उरणार नाही. बाटली कोनाड्यात तशीच राहिली. मी राख उधळली, लिंबोळीचा अर्क शिंपडला, किडके शेंडे हाताने खुडले. पावसाने राख धुऊन नेली.

शेवटी भिंतीच्या आडोशाच्या झाडावर एक वांगं राहिलं. त्यावर मी माझी शाळेची छत्री बांधली. शाळेत भिजत गेले. सासूबाईंचा प्रश्न आता बदलला होता. "हाय का?" एवढंच विचारायच्या.

"हाय."

सटीच्या सकाळीही पाऊस होता. वांगं तोडलं, धुतलं. वरून चकचकीत, कुठे डाग नाही. भाजायच्या आधी देठाची टोपी उचलली, तर खाली सुईच्या टोकाएवढं छिद्र. चिरलं तेव्हा आत काळी वाट गेलेली आणि वाटेच्या शेवटी गुलाबी अळी. एका अंगाला थोडा पांढरा गर शिल्लक होता. तेवढाच कापून भाजला, पात घातली, देवापुढे ठेवला. तळी उचलली. येळकोटाच्या गजरात सासूबाईंचे फक्त ओठ हलले.

मी बोटभर भरीत त्यांच्या जिभेवर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ तोंडात धरलं. गिळता येईना. मी तळहात पुढे केला, त्यावर त्यांनी ते हळूच ठेवलं.

"चांगलं झालंय," म्हणाल्या. "मलाच न्हाई जात."

त्यानंतर त्यांनी बागेचं विचारलं नाही. संक्रांतीआधी त्या गेल्या.

सुतकात आभाळ निवळलं. कडाक्याची थंडी पडली, लख्ख ऊन पडू लागलं, आणि कुणी पाणीही न घातलेल्या त्या झाडांना फुलं धरली. पाहता पाहता फांद्या भरल्या. घरात कुणी तिकडे जात नव्हतं. एके दिवशी भाभी मागच्या दारात टोपली घेऊन उभ्या राहिल्या. नेहमीसारखी हाक मारली नाही, हळूच विचारलं, "तोडू का?"

"तोडा," मी म्हटलं.

मी दारातूनच पाहत होते. त्या एकेक वांगं तोडून टोपी उचलून बघत होत्या आणि टोपलीत टाकत होत्या. एकही किडलेलं निघालं नाही. टोपली भरली तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता झाडंही उपटून टाका.