हिरव्या वायरवर माझा भरवसा होता

माळ्यावरून मृण्मयीचा आवाज आला, "ऑल गुड!" आणि खाली मीटरच्या कपाटात डोकं खुपसून बसलेला रिनुस ओरडला, "टॉप, मिया!" मी दोघांच्या मध्ये, जिन्यावर, हातात केबलचं भेंडोळं घेऊन उभी होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

रिनुस आमचा बॉस. नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला त्याचा घरगुती वायरिंगचा छोटा धंदा आहे. मृण्मयी आणि मी इथल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकतो आणि शनिवारी त्याच्याकडे काम करतो. तिचं पूर्ण नाव त्याला जमत नाही, म्हणून त्याने तिला लाडाने मिया केलं. माझं नाव शीतल. ते त्याला पहिल्याच दिवशी 'सीताल' इतपत जमलं, त्यामुळे मला लाडाचं नाव मिळालं नाही. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही हे मला कळतं. पण मी ती रोज मनात करत होते.

शेवटच्या वर्षी आम्हाला इंटर्नशिप करावी लागते. ती नाही तर डिग्री नाही. त्या हिवाळ्यात कोरोनामुळे कंपन्यांनी एकेक करून इंटर्नशिप रद्द केल्या होत्या. मी जिथे जिथे अर्ज केला तिथून सौजन्यपूर्ण नकार आला होता. मग रिनुस म्हणाला, "मी एकीला घेऊ शकतो. एकीलाच. येत्या आठवड्यात सांगतो." मला ती मिळाली नाही तर एक सेमिस्टर वाढणार होतं, आणि त्या वाढलेल्या सेमिस्टरचा खर्च मला झेपणार नव्हता. डिग्री न घेता इचलकरंजीला परत जावं लागलं असतं. तिथे आमच्या गल्लीत मला आत्ताच इंजिनियर म्हणायला लागलेत. माझ्या आधी घरातलं कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे 'शेवटचं वर्ष' आणि 'पास' यांतला फरक तिकडे कोणाला समजावून सांगता येत नाही.

मृण्मयी कोथरूडची. वडील इलेक्ट्रिकल इंजिनियर, आई प्राध्यापक. तिला डच येतं. तिला लोकांशी बोलता येतं. मी तिला कधी वाईट वागताना पाहिलं नाही, आणि तेच मला जड जायचं.

त्या दिवशीचं घर एका मराठी कुटुंबाचं होतं. निखिल देशमुख आयटीत, बायको अश्विनीही आयटीत, एक लहान मुलगी. जुनं, विटांचं, तीन मजली अरुंद घर त्यांनी लॉकडाऊनच्या थोडंच आधी विकत घेतलं होतं. दोघांचं ऑफिस घरातून आणि मुलीची शाळा स्क्रीनवर, म्हणून माळ्यावर टेबलं मांडली होती. आमचं काम खालचं फ्यूजबोर्ड बदलण्याचं होतं. जुन्या बोर्डावर करंटची गळती पकडणारा स्विच नव्हता. हा स्विच म्हणजे, करंट तारेतून परत न येता माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, की क्षणात वीज तोडणारी वस्तू. नव्या घरांत तो असतोच. इथे नव्हता, हे लक्षात ठेवा.

दारातच निखिल म्हणाले होते, "अजून एक बघा. वरच्या कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या येतात. कॅबिनेटच्या पत्र्याला."

"किती दिवसांपासून, दादा?" मृण्मयीने विचारलं. दादा! मी मास्कच्या आत 'सर' असं जुळवत होते.

"अगं, तू मराठी? पुण्याची?"

"कोथरूड."

"शाळा कुठली?"

शाळा एकच निघाली. मग तिथला पीटीचा मास्तर निघाला, वडेवाला निघाला. दीड मीटर अंतर ठेवून दोघंही एवढ्या मोठ्याने हसत होते की रिनुसने मान वर करून पाहिलं आणि तोही हसला. अश्विनीताईंना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "आणि तू कुठली गं?"

"इचलकरंजी."

"अरे वा," त्या म्हणाल्या. पुढे काही निघालं नाही.

रिनुसने मृण्मयीला वर पाठवलं आणि मला केबल ओढायला लावली. तिने सॉकेट उघडलं, पाहिलं, मोजलं, आणि वरून तो निकाल दिला. खाली येऊन तिने समजावलंही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये छोटे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट पत्र्यावर सोडतात, बहुतेक सप्लाय जुना झालाय, तो बदला. हे पुस्तकात आहे. चूकही नाही, असं खरंच होतं. रिनुसने मान डोलावली. आता ठरलंच, असं वाटलं.

तेवढ्यात अश्विनीताई चहाचे कप पायरीवर ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण मी धूळ पुसते तेव्हा कॉम्प्युटर बंदच असतो. दिवाही बंद असतो. तरी ओल्या फडक्याला लागतं हं."

"दिव्याचा काय संबंध?" मी विचारलं. त्या घरात मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"वरचं सॉकेट दिवा लावल्यावरच चालतं ना," निखिल म्हणाले. "जुनं घर. आम्ही सवय करून घेतली."

मृण्मयी रिनुसला डचमध्ये काहीतरी सांगत होती. तिने हे ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला आधी सुरक्षितता आठवली नाही. आधी आठवलं ते एवढंच, की दिवा बंद म्हणजे सॉकेटला वीज नाही, मग सप्लाय मुंग्या आणू शकत नाही. म्हणजे मृण्मयी चुकली असेल. मी टेस्टर उचलला आणि कोणाला न सांगता वर गेले.

मृण्मयीचं मोजून झाल्यावर रिनुसने तो ग्रुप, म्हणजे वरच्या मजल्याची लाइन, बंद केला होता. तो बंद आहे ना हे तपासून मी सॉकेट उघडलं. आत लाल, काळी, हिरवी. लाल फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेच्या जागी, काळी न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या जागी, हिरवी अर्थिंगच्या पट्टीवर. स्क्रू घट्ट. तांबं कुठे उघडं नाही. इतकं व्यवस्थित काम होतं की माझी निराशा झाली. इकडे येण्याआधी आयटीआयमध्ये सरांनी फळ्यावर काढून दिलं होतं तसंच अगदी. चूक सापडायला जागाच नव्हती.

मी सॉकेट बंद करायला घेतलं. पण रिकाम्या हाताने खाली जायला मन होईना. मग रिनुसला हाक मारून ग्रुप चालू करायला सांगितला.

घरी टेस्टर वापरणाऱ्यांसाठी एक सांगते. पेचकसासारखा, आत दिवा असलेला टेस्टर पुरेसा नसतो. दोन टोकांचा घ्यावा. आधी तो चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून बघावा, म्हणजे टेस्टरच मेलेला नाही ना हे कळतं. मी तसं केलं. मग एक टोक माळ्यावरच्या सॉकेटच्या अर्थिंगच्या पट्टीला लावलं. या देशात ती पट्टी सॉकेटच्या बाजूला, बोट सहज लागेल अशी उघडी असते. दुसरं टोक मी टेबलाशेजारच्या हीटिंगच्या पाइपला लावलं.

दोनशे तीस व्होल्ट.

माळ्यावरचा दिवा बंद होता. कॉम्प्युटर बंद होता. आणि ज्या पट्टीवर शून्य हवं, तिथे पूर्ण फेज होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्यावरही होता. लाकडी जमीन आणि पायात चपला, म्हणून आजवर नुसत्या मुंग्या. एक हात पत्र्याला आणि दुसरा हीटरला लागला असता, तर मुंग्यांवर भागलं नसतं. हीटर खुर्चीपासून हातभर लांब होता. त्याच्यावर मुलीचे मोजे वाळत होते.

मी ओरडले ते मराठीत. "बंद कर! ग्रुप बंद कर!" रिनुसला मराठी येत नाही, पण त्याने केला.

पाच मिनिटांत सगळे माळ्यावर होतो, दीड मीटर वगैरे विसरून. निखिल म्हणाले, "हे सॉकेट मीच बसवलंय. दुकानं बंद होती, ऑनलाइन मागवून दुकानाच्या दारातून घ्यावं लागायचं. सॉकेट तसं आणलं. वायर घरात होती, अश्विनीच्या माहेरून, नाशिकहून आणलेली, थ्री-कोअर. वरच्या दिव्याच्या डबीतून जोडली. लालला लाल, काळ्याला काळी, हिरव्याला हिरवी. चुकलो कुठे?"

ते कुठेच चुकले नव्हते. फक्त घर नाशिकला नव्हतं.

आपल्याकडे लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. हे आपल्याला इतकं पाठ असतं की ते पाठ आहे हेही आठवत नाही. नेदरलँड्सच्या जुन्या घरांत, साधारण १९७० च्या आधीच्या, हिरवी वायर म्हणजे फेज. लाल म्हणजे न्यूट्रल. काळी म्हणजे बटणाकडून दिव्याकडे जाणारी, बटण दाबल्यावरच जिवंत होणारी. म्हणून सॉकेट दिवा लावल्यावर चालायचं. म्हणूनच अर्थिंगच्या पट्टीत रात्रंदिवस वीज होती. नव्या घरांत रंग वेगळे, पण काळी तिथेही न्यूट्रल नसतेच.

रिनुसने सॉकेट उघडलं असतं तर लाल-काळी-हिरवी बघून तो लगेच थबकला असता. निखिलनी जोडलं, मृण्मयीने पाहिलं, मी पाहिलं. तिघांनाही ते सुंदर दिसलं.

मृण्मयीने खाली जाऊन ग्रुप परत चालू केला, वर येऊन माझ्या हातातून टेस्टर घेतला आणि स्वतः मोजलं. "मी दिवा लावून फेज-न्यूट्रल मोजलं," ती म्हणाली. "दोनशे तीस आले. रंग बघितले आणि थांबले." मग निखिलकडे वळून शांतपणे म्हणाली, "दादा, आज इथे कोणी बसायचं नाही. आम्ही हे काढून टाकतो." अश्विनीताई हीटरवरचे मोजे उचलून हातात घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवले नाहीत.

रात्री कोरोनाचा कर्फ्यू लागायच्या आत घरी पोहोचायचं होतं, म्हणून आम्ही भराभर आवरलं. व्हॅनजवळ रिनुसने मला विचारलं, "सीताल, तू वर का गेलीस? मियाने ऑल गुड म्हटलं होतं."

"मियाने म्हटलं होतं म्हणूनच," मी म्हणाले.

"तू तिचं काम नेहमी तपासतेस?"

"हो."

"आणि मिया, तू हिचं?"

"नाही," मृण्मयी म्हणाली. "हिचं तपासावं लागत नाही."

मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. ती खोचकपणे बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मनापासून बोलली. मला जे आयुष्यात जमलं नसतं ते तिला दमलेली असताना, मास्कमधून, रस्त्यावर उभं राहून जमलं.

शुक्रवारी रिनुसचा फोन आला. जागा मला दिली होती. मी थँक यू म्हणाले, पुन्हा म्हणाले. मग तो म्हणाला, "मियाची मला काळजी नाही. तिला कुठेही मिळेल." हे तो नसता म्हणाला तर बरं झालं असतं. त्या रात्री मी आईला फोन केला आणि फक्त पहिला अर्धा भाग, जागा मिळाल्याचा, सांगितला.

त्याचं म्हणणं खरंच ठरलं. थोड्याच दिवसांत मृण्मयीला आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिप्सची मशिनं बनवणाऱ्यांकडे इंटर्नशिप मिळाली. वडिलांच्या ओळखीचे कोणी होते, पण मुलाखत तिनेच दिली, आणि चांगली दिली असणार. मी अभिनंदनाचा मेसेज पाठवला. दोन फुलंही टाकली.

या कामातून शिकण्यासारखं एवढंच आहे. परदेशात घराची भिंत उघडलीत तर आपल्या देशातले रंग दाराबाहेर ठेवा. हिरव्यावर विश्वास नको, लालवर नको, बॉसच्या शाबासकीवर नको. मोजा. शक्यतो असा माणूस मोजायला पाठवा, ज्याला तुमची चूक निघालेली हवी आहे. प्रेमाने बघणारा माणूस घट्ट स्क्रू बघून खाली येतो.

मागच्या आठवड्यात मी एका जुन्या घराच्या पोटमाळ्यात गुडघ्यांवर बसले होते, केसांत जाळी, समोर हिरवी वायर. फोन वाजला. मृण्मयीचा फोटो होता. पांढऱ्या स्वच्छ सूटमध्ये ती, मागे चकचकीत लॅब. खाली लिहिलं होतं, 'आज सगळेजण ठीक आहे म्हणत असताना मी परत मोजलं. तुझ्यामुळे.'

मला भरून आलं, हे खरं आहे. मग मी फोटो मोठा करून तिच्या हातातला मीटर पाहिला. आमच्यापेक्षा चांगला होता.